‘जे’ (J) या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनं जोडली की वेग का पडतो?

१ कोटी आकड्यांच्या वर्गांची बेरीज करायला तुम्ही +/@*: लिहिलंत (+/ म्हणजे बेरीज, *: म्हणजे वर्ग, @ आणि @: ही फंक्शनं जोडणारी चिन्हं). वेळ खूप लागला आणि बेरीजही मिळाली नाही. +/@:*: मात्र नीट चालतं. मग फंक्शनं जोडणंच महाग पडतं का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. जोडणी जवळपास फुकट असते, महाग पडतो तो रँक, म्हणजे फंक्शन एका वेळी केवढा तुकडा घेतं ते (० म्हणजे एकच आकडा). @ उजवीकडच्या फंक्शनचा रँक घेतं. *: चा रँक ०, म्हणून जोडलेलं सगळंच एकेका आकड्यावर चालतं: एक आकडा, त्याचा वर्ग, त्या एकट्या वर्गाची बेरीज, मग पुढचा आकडा. हाती वर्गांचीच यादी येते आणि त्यासाठी +/ ला कोटी वेळा बोलावलं जातं. @: मध्ये आधी सगळे वर्ग एकदम होतात, मग एकच बेरीज. अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची अख्खी यादी, एकदम हाताळणाऱ्या भाषांचा वेग यावरच उभा आहे: फंक्शन बोलावण्याचा खर्च एकदाच होतो आणि तो लाखो आकड्यांत वाटला जातो. म्हणून सवयीने @: लिहा. @ मुद्दाम हवं असेल तेव्हाच.

पण @: वापरूनही एक खर्च उरतो आणि माझ्या मते खरं लक्ष तिथे द्यायला हवं. तो म्हणजे मधली अ‍ॅरे, इथे वर्गांची यादी. एका दशांश आकड्याला ८ बाइट, म्हणजे कोटी वर्गांना ८० एमबी. हे बहुतेक प्रोसेसरांच्या कॅशमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, मावत नाही, त्यामुळे सगळं मुख्य मेमरीत लिहायचं आणि लगेच परत वाचायचं. हे दुखणं जुनं आहे. फिलिप अ‍ॅब्रम्स यांनी स्टॅनफर्डमधल्या १९७० च्या प्रबंधात एपीएल या जुन्या अ‍ॅरे भाषेसाठी गणित लांबणीवर टाकून मधल्या अ‍ॅरे टाळण्याची पद्धत मांडली होती. ज्युलिया भाषेत ठिपके लावलेल्या क्रिया एकाच लूपमध्ये विरघळतात. पायथनची नमपाय लायब्ररी मात्र मधल्या अ‍ॅरे बनवते.

‘जे’ भाषा मात्र फंक्शनांच्या काही ठरावीक जोड्या ओळखते आणि त्यांच्यासाठी वेगळा कोड चालवते. +/@:= ने किती आकडे जुळतात याची मोजणी केली तर शून्य-एकांची अ‍ॅरे बनतच नाही. वर्गांच्या बेरजेसाठी +/ .*~ लिहा, त्यात गुणाकार आणि बेरीज एकत्र होतात. मात्र +/ ला स्वतःचं नाव देऊन ते नाव जोडीत वापरलंत तर ही ओळख पटत नाही, आणि कोड वाचायला सोपा करताना नेमकं हेच होऊन बसतं.

अंदाजावर राहू नका. जे मधलं 6!:2 हे फंक्शन लागलेले सेकंद देतं, 7!:2 लागलेले बाइट. मधली अ‍ॅरे बनतेय का, हे दुसऱ्या आकड्यावरून लगेच कळतं.