मुलगा खरं बोलला, आई गोड बोलली

मावशी, नमस्कार.

मी अमळनेरची. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. तुळशीचं लग्न झालं आणि घरात पत्रिका यायला लागल्या. परवा पारोळ्याहून ह्यांचे आतेभाऊ आणि वहिनी पत्रिका घेऊन आले. अक्षता दिल्या, कुंकू लावलं, "चूलबंद आमंत्रण आहे बरं, सगळ्यांनी यायचं" म्हणाले. मी म्हटलं, "हो हो, येऊ ना नक्की." तेवढ्यात आमचे चिरंजीव बोलले, "आम्ही नाही येणार. त्या दिवशी आमचं सुरतचं तिकीट आहे." माझ्या भावाची सुरतला वास्तुशांत आहे, तिकिटं महिन्यापूर्वीच काढलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काहीतरीच बोलतो हा" म्हणून वेळ मारून नेली. ते गेल्यावर त्याला चांगलं झापलं, तर मलाच विचारतो, "मग आपण जाणार आहोत का?"

मुलीची दुसरीच तऱ्हा. वर्गातल्या एका मुलीनं तिला वाढदिवसाचं हातानं केलेलं कार्ड दिलं. खाली लिहिलं होतं, "येणार का ते कळव." हिनं ना हो कळवलं, ना नाही. गेलीही नाही. "ती आमच्या ग्रुपमधली नाही" म्हणे. नंतर त्या मुलीची आई मला भाजीबाजारात भेटली. सहज म्हणाली, "तिच्यासाठी रिटर्न गिफ्ट बाजूला काढून ठेवलं होतं, अजून तसंच आहे." आमंत्रणाला नीट उत्तर कसं द्यायचं हे मुलांना कसं शिकवू?

आणि हो, थंडीत कधीही इकडे आलात तर आमच्याकडे भरताला या.

— एक आई, अमळनेर

---

अहो ताई,

तुमच्या मुलाचं वाक्य वाचून मी धुळ्यात माझ्या खुर्चीत एकटीच हसत बसले. तुम्हाला आवडणार नाही, पण सांगते. त्या खोलीत तेव्हा चार मोठी माणसं आणि एक मूल होतं, आणि आमंत्रणाचं खरं उत्तर फक्त त्या मुलानं दिलं. त्याची पद्धत चुकली, उत्तर नाही. तुमची पद्धत गोड होती आणि उत्तर खोटं. मुलं आपल्याकडूनच शिकतात म्हणतात ना, तर त्यानं नेमकं काय शिकावं असं तुम्हाला वाटतं, ते आधी ठरवा.

आपल्याकडे "नाही" म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून "येऊ ना", "बघतो", "जमवतोच", "आलोच समजा" असली उत्तरं तयार झाली. यातल्या एकाचाही अर्थ "येतो" असा नसतो, हे मोठ्यांना कळतं, मुलांना कळत नाही. पूर्वी हे खपून जायचं. गावात पंगत बसायची, दहा माणसं जास्त आली तर आचारी वरणात तांब्याभर पाणी वाढवायचा. आता लग्न लॉनवर असतं आणि पैसे ताटावर. तुमच्या "येऊ ना" चे पारोळ्याच्या दादांनी चार ताटांचे पैसे भरलेले असणार.

मीही यातून सुटलेली नाही. एका थंडीत आम्ही घरी वरण-बट्टीचा बेत केला. ४० जणांनी होकार दिला, आले १९. बट्ट्या उकडून, कापून, तुपात तळून तयार. पुढचे तीन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ बट्ट्या कुस्करत होतो. चौथ्या दिवशी माझ्या सासूबाईंनी नुसतं "बट्टी" ऐकलं आणि उठून देवळात गेल्या. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपणही किती जणांच्या घरी अशा बट्ट्या उरवल्या असतील.

तर आधी तुम्ही स्वतः पारोळ्याला फोन करा. आजच, ताटांचा आकडा ठरायच्या आत. "दादा, त्या दिवशी नेमकी भावाची वास्तुशांत आहे, तिकडे आधीच कबूल केलंय. लग्नाला येता येणार नाही, मला फार वाईट वाटतंय. तुम्ही दोघं एवढं घरी येऊन बोलावलंत आणि मी त्या वेळी सांगायला कचरले." बस. मुलगा शेजारी बसलेला असू द्या. तो ऐकेल. लग्नानंतर नव्या जोडप्याला जेवायला बोलवा, आहेर तेव्हा करा. आणि पत्रिकेच्या तळाशी बघा, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" असं छापून खाली दोन-तीन पोरांची नावं असतील. गंमत बघा, पत्रिकेवर आमंत्रण द्यायला आपण मुलांना पुढे करतो, उत्तर द्यायला मात्र कधीच नाही. त्या पोरांपैकी एकाला तुमच्या मुलाकडून फोन करवा. "तुझ्या काकाच्या लग्नाला मी नाही येऊ शकत, मामाकडे जायचंय. फोटो दाखव." आठ वर्षांच्या पोराला एवढं जमतं.

त्याला शिकवायचं ते एवढंच. आमंत्रण घराला असेल तर उत्तर घरातलं मोठं माणूस देतं, आमंत्रण त्याच्या नावचं असेल तर उत्तर त्यानं द्यायचं. आणि "नाही" च्या आधी एक चांगला शब्द. "अरे वा, काकाचं लग्न!" एवढा एक शब्द आधी आला असता तर तेच वाक्य तुम्हाला टोचलं नसतं.

आमंत्रण कुणाला आहे हे वाचायलाही शिकवा. पाकिटावर नुसतं वडिलांचं नाव आहे, की "सहकुटुंब सहपरिवार" आहे? घरटी एक माणूस बोलावलंय की चूलबंद? चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, इतकं आग्रहाचं. त्याला "बघू" म्हणणं म्हणूनच जास्त लागतं. आणि जिथे आपलं नाव नाही तिथे "मला का नाही बोलावलं?" हे पाहुण्यांसमोर विचारायचं नाही, घरी विचारायचं.

इंग्रजी पत्रिकांवर खाली आर.एस.व्ही.पी. अशी चार अक्षरं असतात. ती मुळात फ्रेंच, "रेपाँदे सिल व्हू प्ले", म्हणजे कृपया उत्तर द्या. आपल्याकडे त्याखाली दोन मोबाइल नंबर छापतात आणि लोक ते लॉनचा रस्ता विचारायला वापरतात. तिकडचा जुना शिरस्ता असा की आमंत्रण ज्या थाटात आलं त्याच थाटात उत्तर जावं, काही दिवसांत जावं, आणि होकार देताना तारीख-वेळ पुन्हा लिहावी, म्हणजे घोळ तिथेच उघडा पडतो. हे घ्यायला काय हरकत आहे? पत्रिकेत "आपण" असेल तर उत्तरातही "आपण". मुलीला एकदा लिहायला बसवा: "सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेली विवाहाची पत्रिका मिळाली, आनंद झाला. रविवारी सायंकाळी ६ वाजता आम्ही चौघे नक्की येऊ." नकार असेल तर शेवटचं वाक्य बदलतं: "त्या दिवशी बाहेरगावी असल्यामुळे येता येणार नाही याचं वाईट वाटतं. वधूवरांना शुभेच्छा." मराठीच्या पेपरात पत्रलेखनाचे गुण असतात, ते आपोआप मिळतील, पण त्यासाठी नको. हवं तर पोस्टकार्डावर लिहू द्या. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याला. आमच्या लहानपणी त्याच्या कोपऱ्याला हळद-कुंकू असलं की घर हसायचं, आणि कोपरा फाडलेला असला की आई ते वाचायच्या आधी खाली बसायची.

त्यावरून आठवलं. आता त्या कार्डाची जागा मोबाइलनं घेतली आहे. दशक्रियेचा, गंधमुक्तीचा निरोप त्याच ग्रुपवर येतो जिथे वाढदिवसाचा केक येतो, आणि मुलं दोन्हीला एकच अंगठा देतात. एकदा मी एका निधनाच्या निरोपाखाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाहिलं. मुलाची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा निरोपाला मुलांनी उत्तर द्यायचंच नाही, आईबाबांना दाखवायचं. खरं तर तिथे उत्तराची वाटही कुणी बघत नसतं. माणूस जाऊन भेटतो.

आता मुलगी. ते प्रकरण मला जास्त लागलं.

न जाण्याचा हक्क तिला आहे. प्रत्येक वाढदिवसाला गेलंच पाहिजे असा काही कायदा नाही, आणि तुम्हीही तिला ढकलत नेऊ नका. पण कुणीतरी कागद कापून, रंगवून तिच्यासाठी कार्ड केलं आणि दारावर टक लावून बसलं. गप्प राहणं हेही उत्तर असतं, आणि ते "नाही" पेक्षा वाईट, कारण ते दुसऱ्याला स्वतःच शोधून काढावं लागतं. तिच्या मोबाइलवर निळी खूण येऊनही मैत्रिणीनं उत्तर दिलं नाही तर तिला कसं वाटतं, एवढं विचारा. तिला कळेल, ती १२ वर्षांची आहे.

आता काय करायचं? सोमवारी शाळेत, मधल्या सुट्टीत, ती मुलगी एकटी असताना तुमच्या लेकीनं तिच्यापाशी जायचं. "तुझं कार्ड मिळालं होतं. छान केलं होतंस. मी काहीच कळवलं नाही, माझं चुकलं." यात "पण" नको. "पण माझा क्लास होता", "पण आईनं" असं काही नको. महागडं गिफ्टही नको, ते तुमच्या खिशातून जातं आणि तिच्या डोक्यावरचं ओझं तेवढंच राहतं. आणि ग्रुपबिपचं कारण तिनं त्या मुलीला सांगायचं नाही. खरं बोलायचं म्हणजे सगळं बोलायचं असं नाही.

पुढच्या वेळेसाठी तिला एक वाक्य द्या: "आईला विचारून उद्या सांगते." फार सोयीचं वाक्य आहे, मात्र त्यातला "उद्या" सगळे विसरतात. दुसऱ्या दिवशी सांगायचंच. जमत असेल तर "मी येते, पाचला बाबा सोडतील." जमत नसेल तर "मला जमणार नाही, बोलावलंस ते आवडलं, सोमवारी डब्यात केक आण." कारण द्यायचं तर छोटं आणि खरं, नाहीतर देऊच नये. खोट्या तापाचं कारण दिलं की तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिला सायकलवर पाहतंच, अमळनेर केवढं आहे! उत्तर द्यायच्या आधी "अजून कोण कोण येणार?" हे विचारायचं नाही. आणि एकदा हो म्हटल्यावर दुसरीकडून जास्त मजेचं बोलावणं आलं तरी पहिलंच पाळायचं. फक्त आजारपण याला अपवाद, तेव्हा सकाळीच फोन.

फोनची मुलांना भीती वाटते. मेसेज झरझर टाइप करतात आणि कुणाच्या आजोबांनी फोन उचलला की ततपप. घरीच सराव करा, हसत-खेळत. तुम्ही स्वयंपाकघरातून आजोबा व्हा. तिनं आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग कुणाशी बोलायचंय ते, मग निरोप.

साध्यासुध्या बोलावण्यालाही हेच. शेजारच्या माय दारातून "जेवाले या" म्हणतात तेव्हा मुलं मान हलवून पळतात. थांबून "हो येतो" किंवा "आज नाही माय, जेवण झालं" म्हणायला किती वेळ लागतो? भरताचंच बघा ना. शेतात कपाशीच्या वाळक्या काट्यांवर वांगी भाजायची ती माणसं मोजूनच, कळण्याच्या भाकरी थापायच्या त्याही माणसं मोजून. या थंडीत तुमच्या घरच्या भरताचे फोन मुलीलाच करू द्या, आणि कोण येतं, कोण नाही ते मुलाला वहीत मांडू द्या. पाच घरांनी "बघू" म्हटलं की वांगी किती आणायची, हा प्रश्न तोच तुम्हाला विचारेल.

राहिलं तुमचं माझ्यासाठीचं आमंत्रण. पत्र वाचताना भरताचा वास आला, खोटं सांगत नाही. पण गुडघ्यामुळे यंदा थंडीत माझा प्रवास बंद आहे, तेव्हा मला येता येणार नाही. माझ्या वाटणीची वांगी आणू नका. आठवणीनं बोलावलंत, फार बरं वाटलं.

तुमची,
मावशी