वाचकांचे प्रश्न : पार्किंगवाल्याच्या हाती इलेक्ट्रिक गाडी

लग्नसराईत मंगल कार्यालयं आणि लॉन्स भरले, की दारातच पार्किंगची मुलं किल्ली मागतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची बरीच पत्रं याच विषयावर आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : कार्यालयातली मुलं वर्षानुवर्षं डिझेल गाड्या लावतात. माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. किल्ली द्यावी की नाही? (जळगाव)

उत्तर : द्या, पण ती नुसती हातावर टेकवून निघून जाऊ नका. मुलगा अप्रामाणिक निघेल ही भीती बहुतेकांना असते. प्रत्यक्षात नुकसान होतं ते त्याला गाडी समजावून न सांगितल्यामुळे.

पहिली अडचण आवाजाची. बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर ‘रेडी’चा हिरवा दिवा लागतो, पण गाडी मुकी असते. मुलाला वाटतं सुरूच झाली नाही. तो पुन्हा बटण दाबतो, खटका फिरवतो आणि अंदाज घ्यायला अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघतो. डिझेल गाडीत क्लच सोडताना इंजिन घरघरतं, तेवढा इशारा मिळतो. मोटर मात्र शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते आणि गाडी थेट समोरच्या भिंतीला किंवा शेजारच्या गाडीला जाऊन भिडते.

म्हणून उतरण्याआधी ड्राइव्ह मोड ‘इको’वर आणा आणि रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर लागणारा मोटरचा ब्रेक, सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा. एका पेडलवर चालवायची सोय सुरू असेल तर ती बंद करा. रीजन जास्त असेल तर पाय उचलताच गाडी झटक्याने थांबते आणि नवखा माणूस घाबरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. काही गाड्या बंद करून सुरू केल्या की ही सेटिंग पूर्ववत होते. तुमच्या गाडीत काय होतं ते घरीच तपासा. ‘व्हॅले मोड’, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या हाती देतानाची सेटिंग, असेल तर वापराच. तो वेग मर्यादित ठेवतो किंवा मर्यादा ओलांडली की मोबाइलवर सूचना देतो.

दुसरी अडचण ‘पी’ची, म्हणजे उभ्या गाडीची चाकं अडवणाऱ्या ‘पार्क’ची. ही मुलं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरतात. इलेक्ट्रिक गाडीत तसा गिअर नाही. बंद मोटर चाकांना धरून ठेवत नाही, धरतो तो ‘पी’चा खटका किंवा हँडब्रेक. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत फिरत्या खटक्यावर ‘पी’ नव्हतंच. तिथे हँडब्रेक पूर्ण ओढणं हाच एक मार्ग.

मुलाला शेजारी उभं करून दिवा दाखवा आणि सांगा, “भाऊ, हा दिवा लागला म्हणजे गाडी चालू शे. आवाज येणार नाही. ब्रेकवर पाय ठेवूनच खटका फिरव, उतरताना पी दाब, हँडब्रेक लाव, दिवा विझला का बघ.” मग त्याच्याकडून एकदा करवून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे जागा कमी. पार्किंगवाला म्हणतो, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढू नका, लागली तर ढकलून सरकवू. इलेक्ट्रिक गाडी अशी ठेवता येते का? (धुळे)

उत्तर : बहुतेक नव्या गाड्या तसं करू देत नाहीत. बंद केलं किंवा दार उघडलं, की ‘पी’ आपोआप लागतं आणि कित्येकांत इलेक्ट्रॉनिक ब्रेकही बसतो. अशी गाडी चार जणांनी रेटली तर ‘पी’च्या खटक्यातल्या दात्यावर ताण येतो. तो तुटला तर दुरुस्ती महागात जाते.

न्यूट्रलमध्येच राहायचं असेल तर गाडी चालू ठेवावी लागते किंवा मेन्यूतला धुलाईचा वा टोइंगचा मोड निवडावा लागतो. तासन्‌तास तसं ठेवणं बरोबर नाही. जुन्या, हातब्रेकवाल्या गाडीला न्यूट्रलमध्ये पायी चालीने चार-पाच फूट सरकवायला हरकत नाही. पण चाकं जमिनीवर ठेवून दोरीने लांब ओढत नेऊ देऊ नका. चाकांबरोबर मोटर फिरते, तिच्यातली चुंबकं वीज तयार करतात आणि इन्व्हर्टरला, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या वीज बदलणाऱ्या यंत्रणेला, धोका पोहोचतो. गाडी न्यायची वेळ आलीच तर सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. इतक्या दाटीत गाडी देण्यापेक्षा कडेच्या, कोणाला न अडवणाऱ्या जागेचा आग्रह धरा.

प्रश्न : मुलं एसी लावून गाडीतच बसतात. बॅटरी उतरेल का? (भुसावळ)

उत्तर : वैशाखात भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सावलीला बसावंसं वाटणारच. तापलेली गाडी थंड करताना एसी २ ते ३ किलोवॅट खेचतो, मग साधारण १ ते दीडवर येतो. दोन तासांत अंदाजे ३ युनिट गेले असं धरा. ३० युनिटच्या बॅटरीचे ते १० टक्के, म्हणजे सुमारे २० किलोमीटर. घर जवळ असेल तर त्याने काही बिघडत नाही. मुक्काम लांबचा असेल तर आधीच सांगून ठेवा.

खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची. ‘रेडी’ न करता नुसते दिवे आणि गाणी चालू ठेवली, तर भार छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर पडतो. ती उतरली की मोठ्या बॅटरीत ८० टक्के असूनही गाडी उठत नाही. किल्ल्यांची फळी गाडीला लागून असणंही वाईट. किल्ली जवळ असली की गाडीची यंत्रणा जागी राहते आणि कोणीही बटण दाबून ती सुरू करू शकतो. फळी लांब असू द्या.

आणखी एक. शेजारच्या बंद पडलेल्या डिझेल गाडीला तुमच्या गाडीवरून जंप द्यायला ही मुलं बिनधास्त वायरी लावतात. त्यांना आधीच नाही म्हणा. डिझेलच्या स्टार्टरला लागणारा प्रवाह तुमच्या १२ व्होल्टच्या यंत्रणेला झेपणारा नाही.

प्रश्न : लॉन्सवाल्यांनी गाडी चार्जिंगला लावून देतो म्हटलं. लावू द्यावी का? (शहादा)

उत्तर : भिंतीवर पक्का बसवलेला चार्जर असेल तर खुशाल. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तुमचा पोर्टेबल चार्जर लावणार असतील, तर सॉकेट स्वतः बघा. हा चार्जर तासन्‌तास ३ किलोवॅटच्या आसपास खेचतो. मंडपातल्या झुंबरांसाठी आणलेली बारीक एक्स्टेन्शन वायर त्याला पुरत नाही. निदान २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर हवी, अंतर जास्त असेल तर ४ ची. रिळावर गुंडाळलेली वायर तशीच वापरली तर आतल्या आत तापते, ती पूर्ण उलगडायला लावा. अर्ध्या तासाने पिन हाताला चटका देत असेल तर चार्जिंग बंद. गाडीत प्रवाह कमी करायची सोय असेल तर १० अँपिअरवर आणा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. लाइट जाऊन जनरेटर सुरू झाला तरी असं होतं, कारण त्याचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, बऱ्याचदा जमिनीला जोडलेला नसतो. तेव्हा मंडपवाल्याचा वायरमन अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून दिवा हिरवा करून देतो. हे कदापि करू देऊ नका. न्यूट्रल कुठे सुटला किंवा फेज-न्यूट्रल उलटे लागले, की गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात. टायर रबराचे, त्यामुळे वीज जमिनीत उतरत नाही आणि ओल्या लॉनवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. एका रात्रीच्या चार्जिंगसाठी हा धोका पत्करण्याजोगा नाही.

चार्जिंगची गन, म्हणजे गाडीत लावायचा प्लग, ओढून निघत नसेल तर हिसका देऊ नये हेही सांगा. गाडी अनलॉक केल्यावरच तिचा खटका सुटतो. गन लागलेली असताना गाडी पुढे जात नाही, त्यामुळे ‘गाडी बिघडली’ असा फोन आला तर आधी गन काढली का, ते विचारा.

प्रश्न : पार्किंगमध्ये टायर पंक्चर झाला तर मुलांनी बदलला तर चालेल? (चाळीसगाव)

उत्तर : जॅक कुठे लावायचा हे दाखवल्याशिवाय नाही. गाडीचा मधला तळ म्हणजे बॅटरीची पेटी. तिथे जॅक लावला तर ती दबते. दारांखालच्या पट्टीत पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ खाचा असतात, जॅक तिथेच. त्या खाचांवर रंगाची खूण करून ठेवा.

प्रश्न : चिठ्ठीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं असतं. मग नुकसान झालं तर भरपाई मागता येत नाही का? (अमळनेर)

उत्तर : मागता येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ आणि १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याला तिची वाजवी काळजी घ्यावीच लागते. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून १९९८ मध्ये मारुती झेन चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये म्हटलं, की किल्ली ताब्यात घेतलेल्या हॉटेलने आपला निष्काळजीपणा नव्हता हे आधी दाखवावं, नुसत्या छापील ओळीमागे लपू नये. मात्र किल्ली तुमच्याच खिशात असेल आणि त्यांनी फक्त जागा दिली असेल, तर हा आधार तितका भक्कम राहत नाही.

चिठ्ठीवर वेळ, किलोमीटर आणि बॅटरीचे टक्के लिहून त्यांची सही घ्या आणि चारही बाजूंचे फोटो काढा. मुलाकडे परवाना आहे का, हेही विचारा. परवाना नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली मालकाला ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि विम्याचा दावा अडकतो. परवाना नसेल तर गाडी स्वतःच लावा आणि किल्ली खिशात ठेवा.