भावाला समोरच्याची नाराजी कळत नाही, याचा फिट्सशी संबंध असेल का?

तुम्ही लिहिलंय की भावाला लहानपणापासून टेम्पोरल लोबची (मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाची) एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा आजार आहे. फिट्स आटोक्यात आहेत, पण टोमणा त्याला सरळ वाक्य वाटतो आणि आई चिडलीय हे ती ओरडल्यावरच कळतं. घरच्यांना वाटतं तो मुद्दाम करतो.

तसं नसावं. कानशिलामागे, मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. चेहऱ्यावरची, विशेषतः डोळ्यांतली भीती टिपण्यात त्याचा मोठा वाटा आहे. या एपिलेप्सीत बिघाड बहुधा तिथे किंवा लगतच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (आठवणी साठवण्याशी संबंधित भागात) असतो. म्हणून हसरा चेहरा बहुधा ओळखता येतो, घाबरलेला चुकतो. आजार लहान वयात सुरू झाला असेल तर अडचण जास्त दिसते, कारण माणसं वाचायला शिकण्याची वर्षंच त्यात गेलेली असतात. फिट्स थांबल्या तरी ती आपोआप भरून निघत नाहीत. हे प्रत्येक रुग्णात होतं असंही नाही.

दुसरी अडचण समोरच्याला काय माहीत आहे याचा अंदाज बांधण्याची. मावशीला तिनेच दिलेली साडी दाखवून कोणी म्हणालं, ‘ही कोणीतरी दिलेली, मला नाही आवडली’, तर चूक कुठे झाली? तपासणीत अशाच प्रकारच्या गोष्टी सांगून प्रश्न विचारतात. नेहमीच्या बुद्ध्यांक आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत हे निसटतं. म्हणून न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (मेंदूच्या आजारात विचार, स्मरण, भावना तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे) ‘भावना ओळखण्याची तपासणीही करा’ असं स्पष्ट सांगा. नैराश्याबद्दलही विचारा, त्यानेही माणूस असाच अलिप्त दिसतो.

घरी टोमणे बंद करा. ‘मी चिडलेय, कारण तू फोन केला नाहीस’ असं भावनेचं नाव आणि कारण एकाच वाक्यात सांगा. बोलताना डोळ्यांकडे बघायची आठवण द्या. दोन्ही अमिग्डाला निकामी झालेल्या एका महिलेवरचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डोळ्यांकडे बघ’ म्हटल्यावर तिला भीती नीट ओळखता आली, मात्र सूचना थांबताच ते पुन्हा चुकू लागलं. त्यामुळे एकदा सांगून भागणार नाही. न रागावता, दर वेळी सांगावं लागेल.

चिडचिड नवी असेल तर गोळी कधी बदलली ते तपासा. लेव्हेटिरॅसिटॅम या फिट्सवरच्या गोळीने काहींचा स्वभाव तापट होतो. पण गोळी स्वतःहून थांबवू नका, फिट्स उसळू शकतात. तारखा लिहून न्यूरोलॉजिस्टना दाखवा.