नाशिकमध्ये घरी बनवलेल्या उपकरणांवर बिअर तयार करता येईल का?

आपण विचारले आहे की पाण्याचा २० लिटरचा जार, घरातला मोठा प्रेशर कुकर आणि बाजारातून आणलेले जव एवढ्या भांडवलावर नाशिकमध्ये घरच्या घरी बिअर करता येईल का, आणि येत असेल तर आणखी कोणती उपकरणे स्वतः बनवावी लागतील. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्स येथे नऊ वर्षे राहिलो आणि त्यांतील सहा वर्षे घरामागच्या शेडमध्ये, बहुतांशी स्वतः जोडलेल्या उपकरणांवर, बिअर तयार करत असे. आता गंगापूर रोडला राहतो. त्यामुळे तिकडे काय केले आणि इकडे काय करतो, हे दोन्ही सांगता येईल.

कायद्याची बाजू आधी सांगतो, कारण तिच्यामुळे पुढच्या सगळ्या उत्तराचा रोख बदलतो. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करण्यास परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. इतकेच नव्हे, तर मद्य तयार करण्याच्या हेतूने भांडी, उपकरणे किंवा कच्चा माल बाळगणे हादेखील गुन्हाच ठरतो. ‘आपल्या जिल्ह्यात वाइनचे एवढे कारखाने आहेत, मग घरात दहा लिटर केली तर कोण विचारतो,’ हा युक्तिवाद मी नातेवाइकांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला किमान दोनदा ऐकला आहे. ते कारखाने परवान्यावर चालतात, आणि पुण्या-मुंबईत जागेवर बिअर बनवून विकणाऱ्या मायक्रोब्रुअरीदेखील परवान्यावरच चालतात. तेव्हा बिअर तयार करता येईल का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु बिअरच्या कृतीत यीस्ट घालण्यापूर्वीचे जे चार-पाच तासांचे काम असते, त्यात मद्याचा थेंबही तयार होत नसतो, आणि हाताने उपकरणे बनवण्याची सारी गंमत त्याच कामात आहे. मी नाशिकला आल्यापासून तेवढेच करतो आणि तिथेच थांबतो.

ते काम काय असते? जव भिजवून त्यांना मोड आणले आणि बेताच्या उष्णतेवर वाळवले की त्याला मॉल्ट म्हणतात. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना आजी हेच करत असे: नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवून दळायची. मोड आलेल्या दाण्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात, आणि म्हणूनच सत्त्वाची लापसी साध्या पिठाच्या लापसीपेक्षा पातळ व गोडसर लागते. बिअरसाठी भरडलेले मॉल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. तापमान ६२ ते ६५ च्या आसपास राहिले तर यीस्टला सहज खाता येणारी साखर अधिक मिळते आणि बिअर कोरडी होते. ते ७० च्या दिशेने सरकले तर न आंबणारे घटक अधिक उरतात आणि बिअर दाट लागते. ७५ च्या पुढे गेले की विकरे निकामी होऊ लागतात. म्हणजे हा सारा खेळ तीन-चार अंशांचा आहे, आणि घरगुती उपकरणाची परीक्षा तो आकडा तासभर टिकतो की नाही एवढ्यावर होते.

त्यासाठी मी सहलीला नेतात तो ३० लिटरचा आइसबॉक्स वापरत असे. गार वस्तू गार ठेवणारी भिंत गरम वस्तूही गरमच ठेवते. बॉक्सच्या तळाशी असलेले पाणी सोडण्याचे भोक थोडे मोठे करून त्यात स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि आतल्या बाजूला गाळणी म्हणून गीझरला जोडतात त्या नळीवरची स्टीलची विणलेली जाळी लावली. आतली रबरी नळी ओढून काढायची, पोकळ जाळीचे एक टोक चेपून बंद करायचे आणि दुसरे क्लॅम्पने व्हॉल्व्हला घट्ट करायचे, एवढेच काम. ही जाळी मला विकतच्या गाळण्यांपेक्षा सरस वाटते, कारण जवाची टरफले तिच्यावर स्वतःच एक थर धरतात आणि खरी गाळणी तो थरच असतो. पाच किलो मॉल्टला साडेबारा लिटर पाणी लागत असे. मॉल्ट १८ अंशांवर असेल तर पाणी ७४ अंशांचे घ्यावे लागते, तेव्हा मिश्रण ६६ वर स्थिरावते. नाशिकच्या मे महिन्यात धान्यच ३५ अंशांवर असते, तेव्हा ७१ पुरते. हे गणित न करता उकळते पाणी ओतणाऱ्याची विकरे पहिल्या मिनिटातच मरतात आणि हाती पिठाची खळ येते. मीही पहिल्या खेपेस तशीच खळ केली होती.

तासाभराने टिंक्चर आयोडीनचा एक थेंब बशीतल्या चमचाभर द्रवात टाकून पाहावा. तो निळाकाळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे. झाला नाही, तर व्हॉल्व्ह उघडून द्रव काढावा, पहिले एक-दोन लिटर गढूळ येतात ते पुन्हा वरून हलकेच ओतावेत, आणि मग ७५-७६ अंशांच्या पाण्याने धान्य धुऊन उरलेली साखर काढावी. त्याहून गरम पाण्याने टरफलांतला तुरटपणा उतरतो. या गोड द्रवाला वर्ट म्हणतात.

वर्ट उकळण्यासाठी मी सुरुवातीला एका प्लास्टिकच्या पिंपाला किटलीतली दोन हीटिंग एलिमेंट बसवली होती. तिकडच्या हौशी मंडळींत ही पद्धत जुनी आहे, पण मी तिची शिफारस करणार नाही. पाणी, साखर आणि वीज एकत्र आणणारे ते उपकरण होते, आणि तिसऱ्याच खेपेला एलिमेंटवर साखर करपून सगळ्या २२ लिटरना जळका वास लागला. त्यानंतर मी स्टीलचे मोठे पातेले आणि गॅस यांवर आलो. आपल्या प्रेशर कुकरचे उत्तर येथेच देतो: तो वापरू नये. वर्ट उकळताना फेस येतो आणि तो शिट्टीच्या छिद्रात अडकू शकतो. शिवाय मॉल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास देणारे एक गंधकयुक्त संयुग निघत असते, ते वाफेबरोबर जाऊ द्यायचे असते. उकळी उघड्या भांड्यातच, साधारण तासभर, हवी. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीची फुले. ती उकळीच्या सुरुवातीला घातली तर कडवटपणा येतो आणि शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातली तर सुगंध राहतो.

माझ्या सर्व उपकरणांत मला सर्वांत प्रिय होते ते गार करण्याचे वेटोळे, आणि ते नाशिकचे होते. उकळलेला वर्ट लवकर निवला पाहिजे, कारण कोमट अवस्थेत तो जेवढा वेळ राहील तेवढी जंतूंना संधी मिळते. त्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे पातेल्यात बुडवून नळीतून नळाचे गार पाणी सोडतात. लीड्सला मी नळी डब्याभोवती गुंडाळायला गेलो आणि ती दोन ठिकाणी मुडपली. पुढच्या सुट्टीत जुन्या नाशकात भांडीबाजाराजवळ एका वयस्कर तांबटकाकांकडे दहा मीटर नळी घेऊन गेलो. ‘बंबाची नळी का?’ असे त्यांनी विचारले, मी हो-नाही करत राहिलो, आणि त्यांनी नळीत कोरडी वाळू ठोकून भरली, दोन्ही टोकांना लाकडी बुचे मारली आणि लाकडी ओंडक्याभोवती ती अर्ध्या तासात एकही सुरकुती न पडू देता वळवून दिली. वाळूमुळे नळी आतून चेपत नाही, हे ज्ञान मला इंटरनेटवरही मिळाले असते, पण मिळवले नव्हते. नंतर पाण्याच्या जोराने वाळू पूर्ण निघाली आहे याची खात्री करावी आणि द्रवात बुडणाऱ्या भागावर शिशाचे डाग मुळीच देऊ नयेत. त्या वेटोळ्याने २२ लिटर वर्ट लीड्सच्या नळाच्या पाण्यावर २५ मिनिटांत २० अंशांपर्यंत यायचा. इकडे उन्हाळ्यात टाकीचे पाणीच ३५ अंशांचे असते, म्हणून मी बादलीत बर्फ घालून छोट्या पंपाने ते पाणी फिरवतो.

आपल्या २० लिटरच्या जारविषयी: तिकडे मी आंबवण्यासाठी रुंद तोंडाची, खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बादली वापरत असे, कारण अरुंद तोंडाचा जार आतून हाताने घासता येत नाही आणि प्लास्टिकवर एकदा ओरखडा पडला की त्यात जंतू कायमचे मुक्कामाला येतात. गरम वर्ट तर अशा जारमध्ये कधीच ओतू नये.

आंबवण्यातली माझी मोठी चूक सांगतो, कारण परवाना असलेल्या जागी शिकायला गेलात तरी ती उपयोगी पडेल. साखर आंबत जाते तशी वर्टची घनता उतरत जाते, आणि ती हायड्रोमीटर या तरंगत्या काचेच्या नळीने मोजतात. माझ्या वर्टची घनता सुरुवातीला १.०४८ होती (साध्या पाण्याची १ असते). आठवड्याने बुडबुडे थांबले म्हणून मी ती न मोजताच बाटलीत फसफस यावी म्हणून दर लिटरला सात ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. थंडीमुळे यीस्ट नुसते झोपले होते. खरी घनता १.०१० च्या जवळ यायला हवी होती, ती बरीच वर अडकली असणार. एक ग्रॅम साखर आंबली की सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि बंद बाटलीत त्याला जायला जागा नसते. जिन्याखाली ठेवलेल्या बाटल्यांपैकी अकरा बाटल्या एका रात्रीत फुटल्या. त्या वेळी तिथे कोणी नव्हते हे नशीब. घनता लागोपाठ तीन दिवस तीच आली तरच आंबणे संपले असे समजावे, बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नये.

आता इकडे प्रत्यक्ष काय करावे. एक किलो भरडलेले मॉल्ट, तीन लिटर पाणी आणि छोटा आइसबॉक्स घेऊन वरील कृती करावी. धुण्याच्या पाण्यासह पाच लिटर वर्ट मिळतो. किराणा दुकानातले सोललेले जव उगवत नाहीत आणि बियाण्याच्या दुकानातल्या जवांना बुरशीनाशक लावलेले असू शकते, म्हणून ते दोन्ही टाळावेत. सालासकट, औषध न लावलेले जव मिळाले तर मोड आणण्यापासून सुरुवात करता येते. वर्ट थोड्या हॉप्ससह, किंवा हॉप्स नसल्यास आले आणि गवती चहा घालून उकळावा, गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि प्यायच्या वेळी निम्मा सोडा मिसळावा. मॉल्टचे असे बिनमद्याचे पेय वेस्ट इंडिजकडच्या बेटांवर आवडीने पितात. आमच्याकडे आईला ते ‘उसाच्या रसाचा कडवट भाऊ’ वाटते. दोन दिवसांत संपवावे, कारण हवेतले यीस्ट कोणाची परवानगी विचारत नाही. आणि उकळलेला वर्ट हवाबंद बाटलीत फ्रिजबाहेर साठवू नये, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढण्याचा धोका असतो.

उरलेला चोथा आमच्या शेजारच्या मळ्यातली गाय खाते. तो सकाळीच पोचवावा लागतो. एप्रिलमध्ये दुपारपर्यंत त्याला आंबूस वास येऊ लागतो आणि मग गायही तोंड फिरवते.