हेल्मेट फुटलं की माणूस लगेच गोठतो का?

प्रश्न: परवा स्पेसमधे अडकलेल्या तिघांचा एक पिक्चर बघितला, बजेट अगदीच बेताचं असणार कारण अख्खी गोष्ट एकाच केबिनमधे आणि बटणं जुन्या कीबोर्डची काढून चिकटवल्यासारखी. त्यात एकाच्या हेल्मेटची काच फुटते आणि दोन सेकंदात त्याचा बर्फाचा पुतळा होतो. खरंच असं होतं का?

उत्तर: नाही हो. तुमचं पत्र आल्यावर मीपण बघितला तो पिक्चर आणि त्या पुतळ्याला हसलोच. बाहेर थंडी असते हे खरं, पण अंगातली उष्णता ओढून घ्यायला भोवती हवाच नाही, थर्मासमधला चहा तासन्‌तास गरम राहतो ना तसलंच हे. जी काय उष्णता जाते ती किरणांच्या रूपात, हळूहळू. जीभ आणि डोळे ओले असतात, ते तेवढे पटकन थंड पडतात कारण पाण्याची वाफ होते.

१९६६ साली नासाच्या निर्वात चेंबरमधे एक तंत्रज्ञ स्पेससूट तपासत होता आणि सूटची नळी निसटली. १४-१५ सेकंदांत तो बेशुद्ध पडला, शुद्ध जायच्या आधीचं त्याला शेवटचं आठवत होतं ते म्हणजे जिभेवरची लाळ उकळत असल्यासारखी वाटणं. चेंबरमधे लगेच हवा भरली म्हणून वाचला. म्हणजे फुटत नाही, गोठत नाही, सुजतो मात्र, आणि श्वास रोखून धरला तर फुफ्फुसं फाटायची भीती. आता मला सांगा, पंधरा सेकंद शुद्धीवर असलेला माणूस काय काय करेल हे दाखवायला कितीसा खर्च येतो? एक बरा नट पुरे. यांनी पुतळ्यावर पैसे घालवले.

प्रश्न: बाहेर टाकीचा स्फोट होतो त्याचा एवढा मोठा आवाज कसा?

उत्तर: चूकच आहे, हवा नाही तर आवाज येणार कुठून. तुकडे येऊन यानावर आपटले तर आत ठणठण ऐकू येईल, तेवढंच. शांतता तर फुकट मिळत होती, तरी घेतली नाही.

प्रश्न: ऑक्सिजन बारा तासांचा उरलाय असं घड्याळ दाखवत राहतात, पण त्याच्या कितीतरी आधीच एकजण डोकं धरून बसतो, दुसरा काहीबाही बरळतो. ही दिग्दर्शकाची गडबड का?

उत्तर: उलट सगळ्यात बरोबर तेच आहे! हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि आपण सोडलेल्या श्वासातपण १६ टक्क्यांच्या आसपास उरतोच, म्हणजे ऑक्सिजन एवढ्यात संपत नाही, जीवावर उठतो तो साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड. आधी डोकं ठणकतं, धाप लागते, मग नीट सुचेनासं होतं आणि आपल्याला सुचत नाहीये हेपण कळत नाही.

१९७० मधे चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ या नासाच्या मोहिमेतल्या तिघांवर हीच वेळ आली होती. मुख्य यान निकामी झालं, त्यामुळे चंद्रावर उतरायच्या, दोघांना साधारण दोन दिवस पुरेल अशा छोट्या यानात तिघांना चार दिवस काढायचे होते, ऑक्सिजन होता पण कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे डबे कमी पडले, मुख्य यानातले जास्तीचे डबे चौकोनी आणि इथली जागा गोल. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठे, सूटच्या नळ्या आणि चिकटपट्टी लावून जुगाड केला आणि तो चालला. कुठल्याही स्वस्त सेटवर सापडेल असलंच सामान सगळं!

अजून एक गंमत, वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहतो. पिक्चर परत बघणार असाल तर घड्याळाकडे बघू नका, मागे सुरुवातीपासून एक बारीक घरघर चालू आहे तिकडे कान ठेवा. ती थांबते तेव्हा तिघंही झोपलेले असतात.