पहिला रिपोर्ट नॉर्मल, मग बाळाला पुन्हा टोचायचं कशाला?

प्रश्न : मुलगी ३१व्या आठवड्यात झाली, वजन १३५० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी थायरॉइडच्या तपासणीसाठी टाचेतून रक्त घेतलं, टीएसएच नॉर्मल आला. आता डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. पहिली तपासणी चुकली का?

उत्तर : चुकली नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. थायरॉइड कमी पडू लागलं की मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते, म्हणजे थायरॉइडला 'जोर लाव' असा निरोप धाडते. तपासणी हा निरोपच मोजते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पिट्युटरीही कच्ची असते. थायरॉइड कमी असूनही निरोप निघतच नाही आणि आकडा नॉर्मल दिसतो. दोन-चार आठवड्यांनी पिट्युटरी जागी झाली की टीएसएच चढतो. आजारी बाळाला दिलेलं डोपामिन आणि स्टेरॉइडही टीएसएच दाबून ठेवतात. म्हणून दीड किलोच्या आतल्या बाळांची तपासणी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करतात. ती टाळू नका.

आयोडीनचं जंतुनाशक बाळाच्या त्वचेला मोठ्या भागावर लावलं गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. जास्तीच्या आयोडीनने या बाळांचं थायरॉइड काही काळ बंद पडू शकतं.

प्रश्न : रिपोर्टमध्ये टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी आहे, टीएसएच नॉर्मल. बाळाचं वजनही सावकाश वाढतंय. थायरॉइडची गोळी सुरू केली तर अंग धरेल का?

उत्तर : अंग धरायला ही गोळी नाही. लवकर जन्मलेल्या बाळांत असा रिपोर्ट नेहमीचा. बहुतेकांत टी-फोर काही आठवड्यांत आपोआप वर येतं, आणि अशा सगळ्यांना सरसकट औषध देऊन ठोस फायदा दिसलेला नाही. उलट डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके वाढतात, बाळ चिडचिडं होतं आणि वजन घटतं. आकडे मात्र पुन्हा बघायलाच हवेत. शिरेतल्या रक्तात टीएसएच २० च्या वर गेला, तर टी-फोर नॉर्मल असलं तरी सहसा औषध सुरू करतात.

प्रश्न : मुलाला लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) २५ मायक्रोग्रॅम रोज देतो, एक दिवसही चुकत नाही. पहिल्या महिन्यात टीएसएच उतरला, आता पुन्हा चढलाय. का?

उत्तर : पहिल्यांदा वजनाचा हिशोब करा. सुरुवातीचा डोस किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम असतो. बाळ दोन किलोचं असताना २५ ची गोळी म्हणजे किलोला साडेबारा, अगदी बरोबर. तेच बाळ साडेचार किलोचं झालं की तीच गोळी किलोला साडेपाच भरते. वयानुसार दर किलोमागची गरज थोडी उतरते हे खरं, पण तिसऱ्या महिन्यात एवढी नाही. बाळ वाढलं, गोळी तिथेच राहिली!

दुसरा संशय लोहाच्या आणि कॅल्शियमच्या थेंबांवर. कमी वजनाच्या बाळाला हे दोन्ही असतातच, आणि सोयीसाठी सगळी औषधं एकाच वेळी दिली जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडचं औषध आतड्यातच अडवतात. मध्ये चार तास जाऊ द्या : थायरॉइडचं सकाळी, लोह संध्याकाळी. सोयायुक्त दूधपावडरही तशीच आड येते.

तिसरी गोष्ट गोळी देण्याची रीत. दोन चमच्यांमध्ये गोळी चुरडा, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवा, लगेच पाजा. मग त्याच चमच्यात थोडं पाणी फिरवून तेही द्या, कारण तळाशी चुरा राहतो. बाटलीभर दुधात घालू नका; बाळाने अर्धी सोडली की अर्धा डोस गेला. आठवड्याचं पातळ औषध घरी कालवून ठेवणं तर नकोच : चुरा खाली बसतो, औषधाचा जोरही उतरतो. गोळ्या मूळ पाकिटातच, उष्णता आणि ओलीपासून लांब ठेवा.

हे सगळं डॉक्टरांना सांगा. डोस ठरवणं त्यांच्याकडे. टीएसएच आटोक्यात येईपर्यंत एक-दोन आठवड्यांनी, पुढे पहिल्या वर्षात एक ते तीन महिन्यांनी तपासतात. रक्त त्या दिवसाचा डोस देण्यापूर्वी द्या.

प्रश्न : मुलगा पूर्ण दिवसांचा, पण २१०० ग्रॅमचा होता. आता दीड वर्षाचा, उंचीने मागे आहे. थायरॉइड असेल का?

उत्तर : जन्मतः लहान असणं ही थायरॉइडची खूण नव्हे. जन्मजात थायरॉइड कमी असलेली बाळंही बहुधा नेहमीच्या वजनाची असतात. पोटातली वाढ मुख्यतः वारेतून मिळणाऱ्या पोषणावर चालते. जन्मानंतर मात्र हाडांची वाढ या हार्मोनवर अवलंबून असते, म्हणून टीएसएच आणि फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं टी-फोर) एकदा तपासायला हरकत नाही. जन्मतः लहान असलेल्या दहांतली साधारण नऊ मुलं दोन वर्षांपर्यंत उंची भरून काढतात. सपाट फळीवर, एकाने डोकं आणि दुसऱ्याने गुडघे धरून लांबी मोजा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दोन वर्षांनंतरही उंचीच्या तक्त्याच्या सर्वांत खालच्या रेषेखाली असेल तर लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाला दाखवा.