टाटा ४०७चं ब्रेक पेडल नरम लागतंय, मास्टर सिलिंडर बदलू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी २००४ची, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ खाली टेकतं, दोन-तीनदा मारलं की वर येऊन ब्रेक लागतो, डब्यातलं ऑइल कमी होत नाही आणि मिस्त्री म्हणतो मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) नवा टाका. इतक्यात टाकू नका. मी बारा वर्षं स्वतःची ४०७ चालवली, नारायणगावचा टोमॅटो घेऊन माळशेजनं कल्याणला, आणि त्यात एक चांगला मास्टर विनाकारण बदलून बसलोय.

'पेडल नरम' हे आपण दोन-तीन वेगवेगळ्या दुखण्यांना म्हणतो. गाडी सपाटीवर घ्या, चाकांना दगड लावा, इंजिन चालू ठेवा. पेडल मारून वर आणा आणि मग पाय न उचलता, एकसारखा जोर देऊन अर्धा मिनिट धरून ठेवा. पायाखाली काय होतं तेवढंच बघायचं.

वर येऊन दगडासारखं थांबलं, तर लायनर (ड्रमच्या आतल्या कमानीवर, म्हणजे शूवर बसवलेला घासणारा थर) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. मास्टर एका दाबात जेवढं ऑइल ढकलतो, ते शू ड्रमपर्यंत नेण्यातच संपतं. म्हणून दुसऱ्या दाबाला ब्रेक लागतो. जॅक लावून चाक हातानं फिरवत ॲडजस्टर (हे अंतर कमी-जास्त करणारा भाग) आवळत न्या, जाम झालं की थोडा मागे घ्या. किंचित घासल्याचा आवाज करत चाक फिरलं पाहिजे. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय इथेच आहे, आणि यात पार्टचा खर्च शून्य.

फुगलेल्या ट्यूबवर पाय दिल्यासारखं उसळत असेल, तर लाइनीत एअर आहे किंवा होज पाइप (चाकाकडे ऑइल नेणारा रबरी पाइप) फुगतोय. दुसऱ्याला पेडल मारायला सांगून होज मुठीत धरा, फुगत असेल तर बोटांना कळतं. मूळचाच होज असेल तर तपासत बसू नका, बदला. अजून एक, जे सहसा कुणी बघत नाही. ड्रम लेथवर घासून घेतलाय का? घासला की ड्रमचा घेर वाढतो, आणि आपण त्यात नेहमीच्याच मापाचं लायनर टाकतो. ते मधोमध टेकतं, कडा अधांतरी राहतात. दाबलं की शू वाकतो आणि पायाला वाटतं एअर आहे. मग माणूस दिवसभर एअर काढत बसतो.

आणि चिखलात पाय रुतावा तसं पेडल हळूहळू खाली गेलं, तर गळती किंवा मास्टर. आधी चारही ड्रम उतरवा. व्हील सिलिंडरचं (चाकात शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपण नखानं सरकवा, आत ओलं दिसलं तर कप (ऑइल अडवणारे रबरी सील) गेले. हे ऑइल ड्रमच्या आतच राहतं, रस्त्यावर थेंब पडेलच असं नाही. उलट लायनर भिजतं आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. सगळं कोरडं असेल, तर मास्टरमधले कप ऑइल आतल्या आत मागे सोडताहेत आणि म्हणून डब्यातली पातळी तशीच. तुमच्या मिस्त्रीचा तर्क हाच असणार. खात्री करायची तर मास्टरच्या नळ्या काढून त्या जागी त्याच आट्यांचे प्लग बसवा, मास्टरमधली एअर काढा आणि पेडल दाबा. आता दगडासारखं लागलं तर दोष मास्टरमध्ये नाही, चाकांकडे आहे. काम थोड्या वेळाचं, पण नवा पार्ट विकण्यापेक्षा यात मजुरी कमी, त्यामुळे मिस्त्रीला सांगावं लागतं.

माझं काय झालं ते सांगतो. मे महिना, गाडी भरलेली, माळशेज तिसऱ्या गिअरमध्ये उतरवत होतो, सारखा ब्रेकवर पाय. चूक माझीच. एका वळणाआधी पेडल मारलं तर पाय फळीला. दुसरा गिअर, हँडब्रेक, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. ड्रमला थुंकी लावली तर चर्र. अर्ध्या-पाऊण तासानं पेडल परत ठणठणीत! मिस्त्रीनं मास्टर बदलला, चाकांतून जेमतेम एअर काढली. पंधरा दिवसांनी तोच घाट, तेच पेडल. दोष ऑइलचा होता, चार वर्षांचं जुनं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये, पाणी शोषलं की तीच मर्यादा १४० वर येते. तापलेल्या ड्रमनं ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. त्यामुळे सकाळी बरं आणि घाटात नरम असेल, तर पार्ट नका बदलू, चारही चाकांतून स्वच्छ येईपर्यंत ऑइल बदला. मी तेव्हापासून दर दोन वर्षांनी बदलायचो.

एअर काढताना मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा, म्हणजे मागचं डावं. आणि पेडल तळापर्यंत हाणू नका. जुन्या मास्टरचा जो भाग कधी वापरात नसतो तिथे गंज असतो, कप तिथे गेले की फाटतात, आणि नसलेला दोष तयार होतो. कप डिझेलनं धुऊ देऊ नका, रबर फुगतं. ब्रेक ऑइलनंच धुवायचे.

पाय धरून ठेवल्यावर काय झालं ते खाली लिहा. तोवर भाडं घेऊ नका, घाटाचं तर नाहीच.